वीजजाळ्याच्या आधुनिकीकरणात लोकांचा सहभाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वस्त्यांमधले कार्यकर्ते, ग्राहक संघटना, वीज कंपन्यांमध्ये नव्यानं रुजू झालेले अभियंते अशा अनेकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथं त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ग्रिडचं आधुनिकीकरण म्हणजे नेमकं काय करतात?

वीजजाळं उभं राहिलं ते एकाच दिशेच्या वाहतुकीसाठी. मोठ्या केंद्रात वीज तयार व्हायची आणि उच्चदाबाच्या वाहिन्या, उपकेंद्र, फीडर (उपकेंद्रातून वस्तीकडे जाणारी वाहिनी), रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) या वाटेनं घरापर्यंत यायची. आता छतावरचे सौर पॅनल दुपारी उलट वीज पाठवतात, संध्याकाळी गाड्या चार्जिंगला लागतात आणि वाऱ्याची वीज वाऱ्याच्या लहरीवर कमीजास्त होते. ही दुतर्फा वाहतूक पेलण्यासाठी जाड तारा, नवी रोहित्रं, आपोआप उघडमीट करणारे स्विच, स्मार्ट मीटर, बॅटरी साठवण, नव्या वाहिन्या आणि या सगळ्यावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लागतं.

त्यामुळे ‘आधुनिकीकरण’ असा एकच प्रकल्प कुठं नसतो. दहा-वीस वर्षांत घेतल्या जाणाऱ्या शेकडो लहानमोठ्या निर्णयांची ती मालिका असते. लोकांनी कुठं बोलायचं हा गोंधळ होतो तो यामुळेच.

२. हे तर तांत्रिक काम. त्यात सामान्य माणसाला विचारून काय मिळणार?

तारेची जाडी किती हवी, हे गणित आहे आणि ते अभियंत्यानंच करावं. पण आधी कोणत्या भागातलं काम, खर्च कोणाच्या बिलात, कोणता धोका चालेल आणि कोणता नाही, या प्रश्नांची उत्तरं गणितातून निघत नाहीत.

एक हिशोब करून पाहा. हजार घरांपैकी ९५० घरांत वर्षभरात एक तास वीज जाते आणि उरलेल्या ५० घरांत ६० तास. सरासरी काढली तर दर ग्राहकामागे चार तासांपेक्षाही थोडी कमी येते. अहवालात हा आकडा बरा दिसतो. ती पन्नास घरं मात्र त्यात दिसतच नाहीत, आणि गुंतवणुकीचा क्रम सरासरी बघून ठरला तर त्यांचा नंबर कधीच लागत नाही. जगभर विश्वासार्हतेचे प्रमुख निर्देशांक असेच सरासरीवर बेतलेले आहेत.

दुसरी गोष्ट, जागेची माहिती. एका बैठकीत नव्या उपकेंद्राची जागा नकाशावर लाल चौकोनानं दाखवली होती. मागच्या रांगेतल्या एक आजी उठून नकाशापाशी गेल्या, चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “इथं पाणी साचतं. माझ्या कमरेपर्यंत.” अभियंत्यानं पूररेषा दाखवली, जागा तिच्या चांगली बाहेर होती. आजी म्हणाल्या, “नदीचं नाही हो. रस्ता उंच केला ना, तेव्हापासून वरचं पाणी इथंच अडतं.” नकाशा रस्ता उंच होण्याआधीचा निघाला आणि लाल चौकोन चढावर सरकला. एक वाक्य, एक बोट, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा एक धोका टळला. लोकांना कशाला विचारायचं असं कोणी म्हटलं की मला तो नकाशा आठवतो.

३. ‘संबंधित घटक’ म्हणजे कोण कोण? यादी कशी करायची?

वीज कंपनी, नियामक आयोग, स्थानिक स्वराज्य संस्था, मोठे उद्योग, जमीनमालक, पर्यावरण संस्था ही नावं कोणीही लिहील. यादीची खरी परीक्षा सुटलेल्या नावांत असते.

भाडेकरू हमखास सुटतात, कारण मीटर मालकाच्या नावावर असतो आणि नोटीस त्याच्या पत्त्यावर जाते. घरी ऑक्सिजन यंत्रावर किंवा डायलिसिसवर असलेल्या रुग्णांसाठी दोन तासांचा खंड म्हणजे जिवाचा प्रश्न, पण ‘घरगुती ग्राहक’ या मोठ्या खान्यात ते हरवतात. रात्रपाळीवाले संध्याकाळच्या बैठकीला येऊ शकत नाहीत. पाणीपुरवठ्याचे पंप चालवणारे, अग्निशमन दल, दवाखाने यांचा विचार बहुधा संकट आल्यावरच होतो.

आणि लाइनमन. कोणता स्विच गंजून अडकतो, कोणत्या खांबावर झाड दरवर्षी टेकतं, हे त्याला पाठ असतं. तो कंपनीचाच माणूस, म्हणून त्याला ‘संबंधित घटक’ कोणी धरत नाही, आणि कंपनीच्या आतल्या बैठकीतही त्याला बोलावलं जात नाही. त्याला बोलवाच.

४. लोकांना कोणत्या टप्प्यावर बोलवायला हवं?

पर्याय खुले असताना. हे केवळ माझं मत नाही. डेन्मार्कमधल्या आर्हुस शहरात १९९८ साली स्वीकारलेल्या आणि २००१ पासून लागू असलेल्या, पर्यावरणविषयक निर्णयांबाबतच्या आर्हुस करारात तसं स्पष्ट लिहिलं आहे : सहभाग लवकर हवा, सगळे पर्याय खुले असताना हवा. माहिती, सहभाग आणि न्याय मागण्याचा हक्क या तीन खांबांवर हा करार उभा आहे.

नियोजनाची वाट साधारण अशी असते : मागणीचा अंदाज, त्यातून दिसणारी गरज, गरज भागवण्याचे पर्याय, त्यातल्या एकाची निवड, मार्ग किंवा जागा, मग बांधकाम. लोकांना बहुतेक वेळा पाचव्या टप्प्यावर बोलावलं जातं. तोवर प्रश्न उरतो तो एवढाच, मनोरा तुमच्या शेतात की शेजाऱ्याच्या. मग बैठकीत भांडण झालं तर नवल काय?

आयर्लंडचा अनुभव इथं नीट पाहण्यासारखा आहे. एअरग्रिड या पारेषण (लांब अंतरावर वीज वाहून नेणाऱ्या) कंपनीनं मन्स्टर ते लिन्स्टर या प्रांतांदरम्यान ४०० केव्हीची (किलोव्होल्टची), मनोऱ्यांवरून जाणारी वाहिनी योजली होती. नाव ग्रिड लिंक. संभाव्य मार्गांवर मतं मागवली तेव्हा सुमारे ३५ हजार निवेदनं आली. त्यातल्या अनेकांचा प्रश्न मार्गाच्या मागे जाणारा होता : ही वाहिनी लागतेच का? पुढे सरकारनं तज्ज्ञ समिती नेमली, पर्याय पुन्हा तपासले गेले, विजेच्या मागणीचे अंदाजही खाली आले होते. २०१५ मध्ये कंपनीनं वेगळा मार्ग धरला. आहे त्याच ४०० केव्ही वाहिन्यांवर मध्ये कपॅसिटर बसवायचे, म्हणजे लांबीमुळे प्रवाहाला होणारा अडथळा कमी होऊन त्याच तारांतून जास्त वीज जाते. सोबत शॅनन नदीच्या मुखाखालून एक केबल आणि काही जुन्या वाहिन्यांची सुधारणा. नव्या मोठ्या मनोऱ्यांची रांग टळली.

लोकांनी कपॅसिटर सुचवले होते असं नाही. त्यांनी गरजेचा प्रश्न धरून ठेवला, म्हणून तज्ज्ञांना दुसरं उत्तर शोधावं लागलं. हाच प्रश्न दुसऱ्या टप्प्यावर विचारला गेला असता तर कितीतरी कटुता वाचली असती.

५. माहिती देणं, मत मागवणं आणि सहभाग, यात फरक काय?

निर्णय कोणाच्या हातात राहतो, हा. अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी नुसती बनवाबनवी, मधे माहिती देणं, सल्ला घेणं आणि समजूत काढणं, वरच्या पायऱ्यांवर भागीदारी, सोपवलेले अधिकार आणि अखेर लोकांचं नियंत्रण.

प्रत्येक कामाला वरची पायरी लागत नाही. नादुरुस्त रोहित्र बदलायचं तर आधी नीट कळवलं तरी पुरे. गैर आहे ते तिसऱ्या पायरीवर उभं राहून सातवीचा शब्द देणं. बैठकीच्या सुरुवातीलाच सांगा : हे ठरलं आहे, हे ठरायचं आहे, आणि यात तुमचं मत इतकं चालेल. लोक मर्यादा समजून घेतात. फसवणूक विसरत नाहीत.

६. बैठक चांगली होण्यासाठी प्रत्यक्षात काय करावं?

मोठ्या सभागृहातल्या व्यासपीठाऐवजी आठ-दहा जणांची टेबलं ठेवा, प्रत्येकावर मोठा नकाशा आणि पेन्सिली. माईक हातात आला की माणूस भाषण करतो. नकाशा समोर आला की तो खूण करतो. वेळ एकच न ठेवता सकाळची एक, संध्याकाळची एक आणि एक सुट्टीच्या दिवशी. लहान मुलांना सांभाळायची सोय नसेल तर आया येणार नाहीत. रोजंदारी बुडवून येणाऱ्याला त्या वेळेचे पैसे द्या. सल्लागाराला देताना आपण कचरत नाही.

सूत्रसंचालन कंपनीच्या माणसाकडे नको. आणि सगळ्यात महत्त्वाची ती नोंदवही : कोण काय म्हणालं, त्याचं काय झालं, झालं नसेल तर का नाही. ही वही पुढच्या बैठकीच्या आधी सर्वांना दिसली पाहिजे. दुसऱ्या बैठकीला लोक येतात की नाही, हे या वहीवर ठरतं.

७. आमच्या भागाचा आराखडा आला आहे. कोणती कागदपत्रं मागायची?

मागणीचा अंदाज आणि त्यामागची गृहीतकं. फीडरनिहाय वीज जाण्याची नोंद, सरासरी नको (कारण प्रश्न २ मध्ये). विचारात घेतलेले आणि सोडून दिलेले पर्याय, सोडण्याच्या कारणांसह. खर्च आणि तो कोणावर पडणार याचं विवरण.

छतावर सौर पॅनल लावायचे असतील तर आणखी एक नकाशा मागा : कोणत्या फीडरवर मोठी सुधारणा न करता अजून किती वीजनिर्मिती जोडता येईल, हे दाखवणारा. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये कंपन्या असे नकाशे उघड ठेवतात. ‘क्षमता संपली’ हे उत्तर कोणाला आणि का मिळतं, ते त्यात रस्त्यानुसार दिसतं. सुरक्षेचं कारण सांगून नकार मिळाला तर प्रश्न ११ पाहा.

८. कंपनीचे अभियंते आकडे फेकतात आणि आम्ही गप्प होतो. आमच्या बाजूनं बोलणारा तज्ज्ञ कसा मिळवायचा?

हा अनुभव इतक्या जणांनी कळवला आहे की ती त्या कुणा एकाची उणीव नव्हेच. आकड्यांचं उत्तर आकड्यांनीच द्यावं लागतं आणि त्याला पैसे लागतात. म्हणून मागणी करायची ती पैशांचीच.

कॅलिफोर्नियाच्या नियामक आयोगासमोर ग्राहकांची बाजू मांडून निर्णयात भरीव भर घालणाऱ्या संस्थांना वकील आणि तज्ज्ञांचा खर्च परत मिळू शकतो. अमेरिकेच्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगात लोकसहभागासाठी स्वतंत्र कार्यालय असावं अशी तरतूद १९७८ च्या कायद्यात होती. ते प्रत्यक्षात सुरू झालं २०२१ मध्ये. कागदावरची तरतूद आणि उघडं दार यांत किती अंतर पडू शकतं, हे यावरून कळावं.

हवाई बेटांनी आणखी एक रचना वापरली. २०४५ पर्यंत सगळी वीज नवीकरणीय स्रोतांतून, असा कायदा तिथं २०१५ मध्ये झाला. त्यासाठी तिथल्या मुख्य वीज कंपनीनं २०२३ मध्ये सादर केलेला एकत्रित ग्रिड आराखडा तयार होताना संबंधित घटकांची परिषद आणि तांत्रिक सल्लागारांचं मंडळ अशी दोन व्यासपीठं होती. मागणीचे अंदाज आणि गृहीतकं तिथं आधी चर्चेला यायची. मला ही पद्धत पटते, कारण गृहीतकांवरचं भांडण सुरुवातीलाच मिटलं तर उत्तरावरचं भांडण लहान होतं.

९. स्मार्ट मीटरला विरोध करणारे गैरसमजातून विरोध करतात का?

काही जण गैरसमजातून, बरेच जण रास्त कारणानं. दर १५ मिनिटांच्या नोंदी जमल्या की घरात कोण कधी उठतं, घर कधी रिकामं असतं, हे वाचता येतं. नेदरलँड्समध्ये स्मार्ट मीटर सक्तीचा करणारं विधेयक २००९ मध्ये वरिष्ठ सभागृहानं खासगीपणाच्या मुद्द्यावर अडवलं. सक्ती काढून २०११ मध्ये कायदा झाला. मीटर नाकारण्याची किंवा दूरवरून वाचन बंद ठेवण्याची मुभा मिळाली आणि मग काम पुढे सरकलं.

तेव्हा मीटर आणण्याआधी चार गोष्टी लेखी ठरवा : नोंद किती वेळानं घेणार, कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, आणि दूरवरून वीज तोडण्याचा अधिकार कोणत्या अटीवर वापरणार. हा चौथा मुद्दा विसरू नका. पूर्वी वीज तोडायला माणूस दारात यायचा, त्याच्याशी बोलता यायचं.

१०. उच्चदाबाच्या वाहिनीनं आजार होतात का? ती जमिनीखालून का नेत नाहीत?

आधी आरोग्य. वीजवाहिन्यांभोवती असतं तशा कमी वारंवारितेच्या चुंबकीय क्षेत्राला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००२ मध्ये ‘कदाचित कर्करोगकारक’ (२ बी) गटात ठेवलं. काही अभ्यासांत सरासरी ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं एकक) जास्त क्षेत्रात राहणाऱ्या मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाशी सांख्यिकी संबंध दिसला होता. ते क्षेत्र हेच त्याचं कारण, असं सिद्ध झालेलं नाही. विजेची आणि चुंबकीय क्षेत्रं, रेडिओ लहरी अशा अनायनकारी प्रारणांपासून संरक्षणासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाची सर्वसामान्यांसाठीची मर्यादा ५० हर्ट्झला २०० मायक्रोटेस्ला आहे (२०१०), आणि ती तात्काळ होणाऱ्या परिणामांवर बेतलेली आहे. क्षेत्र तारेतल्या प्रवाहावर अवलंबून असतं आणि अंतर वाढलं की झपाट्यानं कमी होतं. लोकांना ‘काहीच नसतं’ असं सांगू नका आणि घाबरवूही नका. त्यांच्या अंगणात मीटर लावून मोजून दाखवा.

आता केबल. एसी (सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहाची) केबल लांब झाली की ती स्वतःच भारित होण्यात प्रवाह खर्च करते, त्यामुळे अतिउच्चदाबाची एसी केबल फार लांब नेणं अवघड असतं. डीसीला (एकाच दिशेच्या प्रवाहाला) ही अडचण नाही. बिघाड झाला तर केबल दुरुस्त करायला मनोऱ्यांवरच्या तारेपेक्षा जास्त वेळ लागतो आणि चरासाठी सलग पट्टा खणावा लागतो. जर्मनीत उत्तरेची वाऱ्याची वीज दक्षिणेला नेणाऱ्या सुमारे ७०० किलोमीटरच्या ज्यूडलिंक वाहिनीला तीव्र विरोध झाला. २०१५ च्या अखेरीस कायदा बदलून अशा डीसी वाहिन्यांसाठी जमिनीखालच्या केबलला प्राधान्य दिलं गेलं. मार्गाचं नियोजन नव्यानं करावं लागलं आणि २०२२ ची मुदत २०२८ वर गेली. केबल हे उत्तर असू शकतं, पण ते निवडायचं असेल तर पहिल्याच दिवशी निवडावं.

११. ‘सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही’ असं उत्तर आलं. ते योग्य आहे का?

काही बाबतीत आहे. नियंत्रण प्रणालीची रचना, बिघाड होताच वाहिनी तोडणाऱ्या संरक्षक रिलेच्या सेटिंग, कोणतं एक उपकेंद्र बंद पडलं तर शहर अंधारात जाईल, हे उघड करू नये. पण मागणीचा अंदाज, खर्च, फीडरवर वीज गेल्याचे तास, सोडून दिलेले पर्याय यांना हे कारण लागू होत नाही. मधल्या बाबींसाठी गोपनीयतेच्या करारावर सही करून एखाद्या स्वतंत्र तज्ज्ञाला पाहू देता येतं. नकार आला तर नेमक्या कोणत्या परिच्छेदाला, हे लेखी मागा.

१२. वाहिनीजवळच्या लोकांना पैसे देणं म्हणजे लाच नव्हे का?

ज्याची जमीन जाते त्याचा मोबदला हा हक्क आहे. वाद असतो तो शेजाऱ्यांचा, ज्यांची जमीन जात नाही पण खिडकीतून मनोरा दिसतो. ब्रिटनच्या सरकारनं मार्च २०२५ मध्ये नव्या मनोऱ्यांपासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या घरांना वीजबिलात दहा वर्षांत एकूण अडीच हजार पौंडांपर्यंत सूट जाहीर केली. फायदा लांबच्या शहराला आणि ओझं इथल्यांना, अशा वेळी ओझं वाटून घेणं न्याय्यच आहे. मात्र रक्कम आणि नियम मार्ग ठरण्याआधी, सर्वांना सारखे आणि उघड हवेत. एकेकाला गाठून वेगवेगळे आकडे सांगितले, की त्याला लोक लाचच म्हणणार.

१३. मूळनिवासी समाजाची जमीन असेल तर नियम वेगळे असतात का?

हो. तिथं प्रश्न हक्काचा होतो. मूळनिवासींच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमतीचं तत्त्व आहे.

नॉर्वेतल्या फोसेनमध्ये पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि ११ ऑक्टोबर २०२१ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला की परवाने अवैध आहेत, कारण रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या संस्कृतीच्या हक्काचा भंग झाला. तोवर १५१ पवनचक्क्या वीज देत होत्या. निकालानंतरही त्या फिरत राहिल्या, २०२३ मध्ये तरुण सामींनी मंत्रालयांची दारं अडवली, आणि समझोते पूर्ण व्हायला मार्च २०२४ उजाडला. विषय पवनचक्क्यांचा असला तरी ग्रिडच्या वाहिन्यांना तो जसाच्या तसा लागू पडतो.

१४. वादळानं सगळं पडलं. तेव्हाही बैठका घेत बसायचं का?

नाही. आधी वीज आणा. पण तेव्हा कोणाकडे आधी यायचं, हे शांततेच्या काळात लोकांसोबत ठरवून ठेवा. सप्टेंबर २०१७ च्या मारिया चक्रीवादळानंतर प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावर सगळ्यांकडे वीज परतायला सुमारे ११ महिने लागले. डोंगरातल्या आदहुन्तास गावात एका लोकसंस्थेच्या इमारतीवर आधीपासून सौर पॅनल होते. तिथं लोक फोन चार्ज करायला आणि श्वसनाची यंत्रं चालवायला येत. पुढे त्याच गावात दुकानांना जोडणारा सौर मायक्रोग्रिड (गरज पडली तर मुख्य जाळ्यापासून वेगळं चालणारं छोटं वीजजाळं) उभा राहिला, २०२३ मध्ये सुरूही झाला. संकटात तात्पुरत्या म्हणून टाकलेल्या तारा मात्र कायमच्या होऊन बसतात, तेव्हा त्यांच्या फेरविचाराची तारीख तेव्हाच लिहून घ्या.

१५. कोणीतरी विरोध करणारच. मग शेवटचा शब्द कोणाचा?

ज्याच्यावर कायद्यानं जबाबदारी आहे त्या नियामकाचा किंवा सरकारचा. (अपवाद प्रश्न १३.) सहभाग म्हणजे प्रत्येकाला नकाराधिकार नव्हे. मात्र ज्याचं म्हणणं डावललं त्याला कारण लेखी मिळालं पाहिजे आणि दाद मागायला जागा हवी. दोन वस्त्यांची मतं परस्परविरुद्ध असतील तर निकष आधी ठरवा, मार्ग नंतर.

१६. सगळ्यांनी मिळून आराखडा ठरवला आणि दोन वर्षांत परिस्थिती बदलली. आता काय?

हे घडतंच. एखादं डेटा सेंटर आलं, एखादा कारखाना बंद पडला, की अंदाज कोलमडतो. म्हणून आराखड्यातच लिहून ठेवा : भार इतक्या मेगावॉटच्या वर किंवा खाली गेला तर या कामाचा फेरविचार होईल, आणि तो याच गटासमोर होईल. अमेरिकेच्या केंद्रीय आयोगानं मे २०२४ च्या आदेशात प्रादेशिक पारेषणासाठी किमान २० वर्षांचं नियोजन आणि एकाहून अधिक संभाव्य चित्रांचा विचार सांगितला, आणि हे आराखडे ठरावीक काळानं नव्यानं करायला लावले. गटातली माणसंही बदलतात. म्हणून प्रश्न ६ मधली ती नोंदवही नव्या सदस्याच्या हातात पहिल्याच दिवशी द्या.